बारा तास अंधार

आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या मागे एक खोली आहे. नकाशात तिला मेडरूम म्हटलंय. तिला खिडकी नाही. इथे आखातात, अल ऐनमधल्या जुन्या इमारतींत अशी एक खोली असते, आणि आमच्यासारखे मोलकरीण न ठेवणारे लोक तिच्यात रिकाम्या सुटकेसेस, तांदळाची गोणी आणि टाकवत नाही ते सगळं कोंबून ठेवतात. बाबा इथे राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या खोलीत शिरून दिवा बंद केला, दार ओढून घेतलं आणि बराच वेळ आत अंधारात उभे राहिले. मी बाहेरून विचारलं, "काय करताय बाबा?" आतून आवाज आला, "फर्स्ट क्लास! एक किरण येत नाही."

बाबा पुण्यात जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. पस्तीस वर्षं त्यांनी पाण्याचे नमुने तपासले. घरी आमटी खारट झाली की "क्षार वाढलेत" म्हणायचे आणि आई "मग जेवू नका" म्हणायची. अँजिओप्लास्टी झाल्यावर त्या दोघांनी पुण्यात एकटं राहावं हे मला पटेना, म्हणून मीच हट्टाने दोघांना इकडे आणलं. कागदपत्रांत चार महिने गेले. आले तेव्हा जून सुरू झाला होता. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या दांड्या तापून कानाला चटके बसायचे. बाबांना रोज सकाळी चालायची सवय. इथे ते दिवाणखान्यात सोफ्याभोवती चालायचे, आणि मला ते बघवायचं नाही. आणलं कुणी? मीच.

आईच्या सामानात थालीपिठाच्या भाजणीच्या डब्यात, ओल्या रुमालात गुंडाळलेले शेवंतीचे आठ शेंडे निघाले. मी कपाळावर हात मारून घेतला. "विमानतळावर पकडलं असतं तर?" आई म्हणाली, "मला नको सांगूस. ह्यांनी ठेवलेत." बाबा गुन्हेगारासारखे हसले.

ती शेवंती आमच्या पुण्याच्या बाल्कनीतली. बारीक पिवळी, बिनवासाची म्हणावी इतकी मंद वासाची. दर मार्गशीर्षात ती आपोआप फुलायची आणि बाबा स्वतः तिची वेणी करायचे. नळीत थेंब थेंब रसायन सोडणारा हा माणूस, पण दोऱ्याशी त्याचं कधी जमलं नाही. वेणी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला लुकडी व्हायची. आई ती तशीच माळून दिवसभर मिरवायची, बँकेत सुद्धा. कुणी विचारलं तर "घरची आहे" एवढंच सांगायची.

तर यंदाची वेणी अल ऐनमध्ये, असं बाबांनी ठरवलं होतं. बाहेरच्या उन्हात झाड दोन तास टिकलं नसतं. बाल्कनीत पार्किंगचा मोठा दिवा रात्रभर ढणढणतो, आणि शेवंतीला कळी धरायला रोज निदान बारा तास गुडुप अंधार लागतो. त्याआधी, वाढीच्या दिवसांत, तिला अठरा तास उजेड द्यायचा. म्हणजे आधी उजेड भरपूर, मग एके दिवशी तो कापायचा. दिवस लहान झालेत, फुलायची वेळ आली, असं तिला पटवून द्यायचं. त्यासाठीच ती बिनखिडकीची मेडरूम. हे सगळं मला बाबांनी शिकवलं. मी एअरकंडिशनिंगच्या कंत्राटी कंपनीत इंजिनियर आहे. झाडांचा आणि माझा संबंध ऑफिसातल्या प्लास्टिकच्या कुंडीपुरता.

मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत शेतमळ्यांना आणि पॉलिहाउसना सामान पुरवणारा एक मल्याळी दुकानदार आहे. गोदामवजा दुकान. दीड तास गाडी चालवून मी बाबांना तिथे नेलं. दोघांची हिंदी सारखीच धन्य, पण गट्टी अशी जमली की मी पाऊण तास खताच्या पोत्यावर बसून होतो. येताना गाडीत झाडांसाठीचा जांभळ्या उजेडाचा एक लांब दिवा, एक टाकी, पंप, टायमर, पाण्यातले क्षार मोजणारी पेनाएवढी कांडी, आणि खताच्या बाटल्यांचे दोन जोड. एक जोड वाढीचा, एक जोड कळीचा. प्रत्येक जोडात ए आणि बी. माती नाहीच, झाडं ह्या खताच्या पाण्यात वाढवायची.

"आधी ए. ढवळायचं. मग बी," बाबा मला बजावायचे. "दोन्ही घट्ट एकत्र ओतलीस तर पांढरा चोथा खाली बसतो. मग झाडाने काय चोथा खायचा?"

त्यांनी एक वही केली. इथलं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, त्यात मॅग्नेशियम नाही, म्हणून पानांच्या शिरांमधली जागा पिवळी पडते, तेव्हा चिमूटभर एप्सम सॉल्ट. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं गरम, म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवावं. पान गडद हिरवं होऊन टोक खाली वाकलं तर नत्र जास्त झालं. सगळं त्यांच्या सुवाच्य, किरट्या अक्षरात.

ही विद्या ते शिकले मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. एक टोपीवाला तरुण त्यांचा आवडता. "मुलगा फार हुशार आहे," मला म्हणाले, "खत कधी बदलायचं, अंधार किती, सगळं तपशिलात सांगतो. फक्त झाडाचं नाव घेत नाही." माझी मुलगी तेव्हा नववीत. तिने आजोबांच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि किंचाळली, "आजोबा! दॅट्स वीड! ही इज ग्रोइंग वीड!"

वीड म्हणजे गांजा. या देशात त्या झाडाचं नाव कुणी चेष्टेतही काढत नाही. आणि माझे वडील बंद खोलीत जांभळा दिवा लावून त्या व्हिडिओंवर वहीत टिपणं काढत होते! मी मोबाइल हिसकावून घेतला, सगळं पुसलं, नको ते बोललो. "तुरुंगात जायचंय का आपल्याला सगळ्यांना?" बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, दोन्ही झाडांचा अंधाराचा नियम सारखाच आहे. त्याला तो मुलगा काय करणार?" त्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर मी त्यांना विद्यापीठांची शेवंतीवरची माहितीपत्रकं छापून आणून दिली. ती वाचून म्हणाले, "ठीक आहे. पण त्या मुलाची सर नाही."

आठातले सहा शेंडे जगले. सप्टेंबरअखेर ते मांडीपर्यंत आले. बाबा सकाळ-संध्याकाळ एका निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर त्यांच्यासमोर बसायचे, फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडे खुडायचे, वहीत लिहायचे. आई दाराला टेकून उभी राहायची. आता कळतं, तिलाही ते सगळं तोंडपाठ होत होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. पाच दिवस ते आयसीयूत होते. मी रोज तिथे उभा असायचो आणि मला करण्यासारखं काही नव्हतं. सही करा म्हणाले तिथे सही केली. बाहेर बसा म्हणाले तेव्हा बाहेर बसलो. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि मास्कमधून म्हणाले, "टायमर बदल. आता बारा तास अंधार."

मला वाटलं होतं आईबद्दल काही सांगतील. मी म्हणालो, "बदलतो बाबा. फुलं आली की फोटो दाखवतो." त्यांनी मान हलवली. माझ्याशी त्यांचं ते शेवटचं बोलणं. त्या संध्याकाळी घरी येऊन बूट न काढता मी टायमर फिरवला. सकाळी सहाला चालू, संध्याकाळी सहाला बंद. दुसऱ्या दिवशी ते गेले.

अंत्यसंस्कार इथेच केले, शहराबाहेरच्या स्मशानात. माणूस जिथे गेलं तिथे दिवा लावायची आपली पद्धत. पण आयसीयूत कोण दिवा लावू देणार? आई म्हणाली, "ते इथेच बसायचे." आणि तिने मेडरूममधल्या निळ्या स्टुलावर बाबांचा फोटो ठेवून त्यापुढे तेलाचा दिवा लावला. अर्ध्या तासात धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि वॉचमन धावत वर आला. म्हणून मी इंडियन दुकानातून विजेचा दिवा आणला. ज्योतीच्या आकाराचा लहान लाल बल्ब असतो तो. तेरा दिवस तो तेवत ठेवला. तेराव्याला गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आता दिवा शांत करा. आई "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दिवा चालूच. मला वाटलं, असू दे. आठ दिवसांनी आपणच बंद करेल.

मी झाडांच्या मागे लागलो. वहीतला शब्द न् शब्द पाळला. वाढीचं खत बंद, कळीचं सुरू. नत्र कमी, स्फुरद आणि पालाश जास्त. वहीत लिहिलं होतं, अंधारात सुईएवढाही उजेड नको. म्हणून मी दाराखालच्या फटीला डक्टची काळी टेप मारली. पंपावर मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा होता, त्यावरही टेप चिकटवली. रोज ऑफिसातून आल्यावर मी आत जायचो, बाबांच्या फोटोला आणि लाल दिव्याला नमस्कार करायचो, आणि पंपावरची टेप नीट बसली आहे ना ते बघायचो.

नोव्हेंबर गेला. कळी नाही. झाडं मात्र वाढत होती, तजेलदार, हिरवीगार, बेशरमासारखी. मी पालाश वाढवलं. पानांच्या कडा करपल्या. मग घाबरून नुसतं पाणी दिलं, तर खालची पानं पिवळी पडली. क्षारांची कांडी बुडव, आकडा लिही, पुन्हा बुडव. ऑफिसात कंप्रेसर का बंद पडला ते मी फोनवर आवाज ऐकून सांगतो, आणि इथे सहा झाडांपुढे हात टेकले होते. मार्गशीर्ष सुरू झाला आणि संपला. मुलीवर ओरडायला लागलो, बायकोवर ओरडलो. एकदा बायको म्हणाली, "अहो, बाजारात शेवंती मिळते. आणू का?" मी तिला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर माफी मागितली. मला फुलं नकोच होती. बाबांनी एक काम सांगितलं होतं, तेवढं एक माझ्याकडून पुरं व्हायला हवं होतं. हॉस्पिटलात काही करता आलं नाही, निदान हे.

जानेवारीत एका शनिवारी मुसफ्फाला गेलो. दुकानदाराला बाबांची बातमी सांगितली. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग चहा मागवला. मी मोबाइलवर झाडांचे फोटो दाखवले, दिवसाचे आणि अंधारातलेही, म्हटलं टायमर नीट चालतो हे त्याला दिसू दे.

अंधारातल्या फोटोवर त्याचं बोट थांबलं. "सर, ये रेड-रेड क्या है?"

"वो... मेरे फादर का दिया है."

"पूरी रात?"

"हां. तीन महीने से."

त्याने मोबाइल माझ्या हातात परत दिला. "सर, फर्टिलायजर में प्रॉब्लम नहीं है. लाल लाइट में प्लांट समझता है, अभी दिन है. उसका रात होता ही नहीं." मग जरा थांबून, अपराध्यासारखा म्हणाला, "अम्मा को बोलो..."

येताना गाडीत मी स्वतःला शिव्या दिल्या. मुगाच्या दाण्याएवढ्या दिव्यावर टेप मारणारा मी, आणि हा रोज डोळ्यांसमोर! पण त्याला मी उजेड मानलंच नव्हतं. त्याच्यापुढे हात जोडायचे, बस. देवाधर्मातली वस्तू झाडाला लागू होते हे डोक्यातच आलं नाही.

कारण तर कळलं, आता आईला सांगायचं कसं? दोन दिवस तोंड उघडेना. मग मी पळवाट काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पुठ्ठ्याचं खोकं कापून दिव्यासमोर उभं केलं, असं की फोटोवर उजेड पडावा आणि झाडांवर पडू नये. सकाळी बघतो तर खोकं सपाट करून, दुमडून, सुटकेसमागे ठेवलेलं. संध्याकाळी परत नवं खोकं. सकाळी तेही दुमडलेलं. असं चार दिवस चाललं. एका घरात राहणारी दोन मोठी माणसं, जेवताना भाजीबद्दल बोलत होतो.

शेवटी बायको वैतागली. "सरळ विचारा ना. त्या काही लहान नाहीत."

शनिवारी सकाळी आई मेडरूममध्ये होती. बाबांसारखीच शेंडे खुडत होती. मी म्हणालो, "आई, तुला एक सांगायचं होतं. ह्या दिव्यामुळे शेवंतीला..."

"कळी धरत नाही," आई म्हणाली. "माहितीये मला."

मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो.

"त्यांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशीच. मी म्हटलं, इथे कोपऱ्यात देवाचा छोटा दिवा लावू का, तर म्हणाले, अगं लाल दिवा तर मुळीच नको, फुलायची नाही."

"मग तू... मी तीन महिने खतं बदलतोय आई! पानं जाळली मी. तू बघत होतीस ना?"

"बघत होते." तिने खुडलेले शेंडे पदरात धरले होते. "तुला किती वेळा सांगावंसं वाटलं. पण तू इतका जीव लावून करत होतास, जिभेवर येईना."

"पण का?"

तोवर बायकोही दारात येऊन उभी राहिली होती. आई झाडांकडे बघत म्हणाली, "वेणी करणार होते ते. आता फुलली तर मी काय करू त्या फुलांचं? देवाला वाहायला बाजारात मिळतात. ही माझ्या डोक्यासाठी होती."

बायको पटकन म्हणाली, "मग तुम्ही माळा ना आई. आजकाल कोण काय म्हणतं? मी करते वेणी."

"कुणी म्हणेल म्हणून नाही गं," आई म्हणाली. "वेडीवाकडी करणारं कोण आहे आता?"

बायको रडायला लागली. मला रडूही येईना. आई सांगत होती, अगदी साध्या आवाजात, भाजी कशी केली ते सांगावं तशी. "शेवंती एकदा फुलली की सुकते. वरचं सगळं कापून टाकावं लागतं. तुला माहीत नसेल, तू कधी बाल्कनीत आला नाहीस. हे गेले तेव्हा ती जशी होती तशी राहिलीये. ह्यांनी वाढवलेली. मला ती तशीच असू दे असं वाटतं. वेडेपणा आहे, कळतं मला."

मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुला त्यांनी सांगितलंय, हेही माहितीये. तू म्हणत असशील तर आत्ता बंद करते."

आणि तिने खरंच हात पुढे करून बटणावर बोट ठेवलं.

मी रोज लोकांना हे बंद करा, ते चालू करा सांगतो. त्याचाच मला पगार मिळतो. त्या एका लहान बटणाचं मात्र ठरेना. हो म्हटलं तर आईचं उरलंसुरलं माझ्या हाताने विझतं. नाही म्हटलं तर आयसीयूत बाबांना दिलेला शब्द मोडतो. बाबांना विचारावं असं इतकं वाटलं, आणि ते स्टुलावरच्या फोटोत पासपोर्टला काढलेल्या चेहऱ्याने समोर बघत होते.

"राहू दे," मी म्हणालो.

आईने बोट काढून घेतलं. माझ्या दंडाला हात लावला आणि पदरातले शेंडे टाकायला स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवशी टाकीचं पाणी बदलायचं होतं. मी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी ओतलं. कळीच्या खताच्या दोन्ही बाटल्या पुसून कपाटात वरच्या खणात ठेवल्या आणि वाढीच्या काढल्या. हातात दोन्ही बाटल्या घेऊन मी उगाच उभा होतो, तेवढ्यात आई परत येऊन दाराला टेकली.

"आधी ए," ती म्हणाली. "ढवळायचं. मग बी."

"हो," मी म्हणालो आणि ए ओतलं.

टायमर मी बदललेला नाही. तो बारावरच आहे. संध्याकाळी सहाला वरचा मोठा दिवा खटकन बंद होतो, लहान लाल तेवढा चालू राहतो, आणि मी दार ओढून घेतो.